मेज करवतीचा विद्युत् स्विच व तारयोजना

मेज करवतीच्या विद्युत् चलित्राला होणारा वीजपुरवठा जोडणारी व तोडणारी साधने आणि ही साधने एकमेकांना, चलित्राला व मुख्य पुरवठ्याला जोडणाऱ्या तारांची मांडणी. मेज करवतीत सपाट लोखंडी मेजाच्या फटीतून वर्तुळाकार पात्याचा काही भाग वर आलेला असतो व कारागीर लाकूड मेजावरून पुढे सरकवीत पात्यावर नेतो. लहान यंत्रशाळांतून रंधा मारणे व कापणे अशी दोन्ही कामे करणारे जोडयंत्रही वापरतात. २५० मिमी. व्यासाचे पाते मिनिटाला ४,५०० फेरे घेत असल्यास त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सु. ५९ मी., म्हणजे ताशी २०० किमी. पेक्षा जास्त असतो. हात पात्यापासून काही सेंमी. अंतरावर ठेवून जेथे काम करावे लागते, अशा यंत्राचा स्विच हा संरक्षक आवरणाइतकाच सुरक्षेचा भाग ठरतो. तो बिघडल्यावर त्याच्या जागी कोणत्या प्रकारचा स्विच बसविला जातो, ही बाब म्हणूनच दुरुस्तीच्या खर्चापेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

कोल्हापूर परिसरात मेज करवतीचा वापर दोन प्रकारांनी वाढला. एक, घरबांधणी व सामानसुमान यांसाठी लागणाऱ्या लाकडाची कापणी; हा व्यवसाय शहरातील टिंबर मार्केट व ठिकठिकाणच्या वखारी यांच्या आश्रयाने चालतो. दुसरा उपयोग येथील ओतकाम उद्योगाचा आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील यंत्रशाळा व ओतशाळा यांना वाळूचे साचे करण्यासाठी फर्मे लागतात. कारागीर त्यांना ‘पॅटर्न’ म्हणतात. धातूचे व रेझिनाचे फर्मे प्रचारात आले असले, तरी लाकडी फर्मे करणारे कुशल सुतार या भागात आहेत आणि त्यांच्या लहान कर्मशाळांतून एखादी मेज करवत असतेच. अशा ठिकाणी यंत्र बहुधा जुने, एकाकडून दुसऱ्याकडे आलेले असते. पाते, मेज व चलित्र टिकून राहतात. स्विच व तारा मात्र मधल्या काळात दोनतीनदा तरी बदललेल्या असतात. त्यामुळे यंत्राच्या मूळ रचनेतील सुरक्षेची व्यवस्था तीत उरलेलीच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

पूर्वपीठिका : वर्तुळाकार करवतीचा उल्लेख सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ सालच्या इंग्लंडमधील एकस्वात आढळतो. प्रारंभी अशा करवती पाणचक्क्यांवर व नंतर वाफेच्या एंजिनावर चालत. भारतात दोन माणसांनी ओढावयाचा आरा दीर्घकाळ प्रचारात राहिला. यांत्रिक करवत आली तेव्हा ती पुष्कळ ठिकाणी तेल एंजिनाला पट्ट्याने जोडलेली असे. तेल एंजिने व त्यांचे सुटे भाग तयार करण्याचा धंदा तर उद्यमनगरात चांगलाच वाढला. एंजिनावर चालणाऱ्या करवतीत पट्टा घट्ट कप्पीवरून मोकळ्या कप्पीवर सरकवून पाते थांबवीत. या व्यवस्थेत पट्टा निसटणे, कपडा अडकणे असे अनेक धोके होते. पण तीत एक गुण आपोआपच होता. एंजिन काही कारणाने बंद पडले, तर कोणीतरी हँडल मारल्याखेरीज ते पुन्हा सुरू होत नसे. आपण होऊन सुरू होणारी करवत ही विजेबरोबर आली.

साध्या स्विचातील दोष : घरगुती स्विच, चाकूसारख्या पात्यांचा मुख्य स्विच किंवा फिरवावयाचा स्विच हे सर्व एकदा लावले की लावलेल्या स्थितीत राहतात. काम चालू असताना वीज गेली, तर पाते हळूहळू थांबते आणि स्विच मात्र चालूच्या स्थितीत राहतो. थांबलेल्या यंत्राकडे कारागीर स्वाभाविकपणे निर्धास्तपणे पाहतो. पात्यात अडकलेली ढलपी काढतो, पाते पुसतो, मेजाला टेकून उभा राहतो. एवढ्यात पुरवठा परत आला, तर पाते एकदोन सेकंदांत पूर्ण वेगाने फिरू लागते. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर भारनियमन होते, तेव्हा असा प्रसंग दिवसातून एकापेक्षा अधिक वेळा संभवत असे. भारनियमन कमी झाल्यावरही वादळवारे, वाहिन्यांची दुरुस्ती व वितळतारा जळणे यांमुळे पुरवठा खंडित होणे थांबलेले नाही. उलट वीज जाणे वेळापत्रकाप्रमाणे नसल्याने ती परत केव्हा येईल याचा अंदाज राहत नाही.

साध्या स्विचाचा दुसरा दोष त्याच्या संपर्कांच्या क्षमतेत आहे. प्रवर्तन चलित्र सुरू होताना त्याच्या पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह क्षणभर घेते [⟶ विद्युत् चलित्र]. दिवे किंवा तापक यांसाठी योजलेल्या स्विचाचे संपर्क या प्रवाहामुळे होणाऱ्या ठिणगीने वितळतात व कधीकधी एकमेकांस चिकटून बसतात. मग कळ खाली-वर होते, पण प्रवाह तुटत नाही. भुसा हे तिसरे कारण. बारीक लाकडी धूळ स्विचाच्या आत जाऊन संपर्कांमध्ये बसते, जळून कोळसा होते व त्यामुळे संपर्क अधिकच तापतात. करवतीच्या जवळच्या स्विचातून लागलेल्या आगीचे मूळ पुष्कळदा या कोळशात असते.

या ठिकाणी ग्रामीण भागातील एका सवयीचा उल्लेख आवश्यक आहे. शेतीपंपांना रात्री-अपरात्री वीज मिळत असल्याने शेतकरी पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ जोडतात. वीज आली की पंप आपोआप चालू होतो. एकाच वेळी अनेक पंप सुरू होऊन रोहित्रावर ताण पडत असल्यामुळे महावितरण कंपनीने तो काढून टाकण्याचे आवाहन वेळोवेळी केलेले आहे. तथापि शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची सोय उघड आहे. पंप व करवत यांचे स्टार्टर बाहेरून सारखेच दिसतात आणि दोन्हींची दुरुस्ती बहुधा एकच तारतंत्री करतो. पंपावरून काढलेला स्टार्टर ऑटो स्विचासह करवतीला बसविणे ही घातक चूक होय. जो गुण विहिरीवर हवा, तोच करवतीवर सर्वांत मोठा दोष ठरतो.

चुंबकीय स्टार्टर : वरील दोष टाळणारा स्विच म्हणजे शून्यदाब-मोचक असलेला चुंबकीय स्टार्टर. त्रिकला चलित्रांसाठी याचा थेट जोडणीचा प्रकार सर्रास मिळतो व बाजारात तो ‘डीओएल स्टार्टर’ या नावाने ओळखला जातो. त्यातील मुख्य भाग म्हणजे चुंबकीय संपर्कक. एका वेटोळ्यातून प्रवाह गेला की लोखंडी गाभा चुंबकित होतो, हलता भाग स्प्रिंगेच्या विरुद्ध ओढला जातो व चलित्राचे मुख्य संपर्क मिटतात. वेटोळ्याच्या मंडलात दोन कळी असतात. हिरवी ‘चालू’ कळ दाबली असतानाच मंडल पूर्ण करते व सोडताच उघडते. लाल ‘बंद’ कळ एरवी मिटलेली असून दाबल्यावर मंडल तोडते. हिरवी कळ सोडल्यावरही यंत्र चालू राहावे म्हणून संपर्ककावरच एक लहान साहाय्यक संपर्क असतो व तो हिरव्या कळीला समांतर जोडलेला असतो. संपर्कक मिटला की हा साहाय्यक संपर्कही मिटतो व वेटोळ्याला प्रवाह देत राहतो. म्हणजे संपर्कक स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. वीज गेली की वेटोळे निर्जीव होते, स्प्रिंग हलता भाग मागे लोटते आणि मुख्य व साहाय्यक असे सर्व संपर्क उघडतात. वीज परत आली तरी वेटोळ्याकडे जाण्याचा एकही मार्ग मिटलेला नसल्याने यंत्र स्वस्थ राहते व हिरवी कळ पुन्हा दाबल्याखेरीज चालू होत नाही. एंजिनाला हँडल मारण्याची जी गरज पूर्वी होती, तीच या वेटोळ्याने विजेच्या यंत्रात परत आणली असे म्हणता येईल.

बदली संपर्कक निवडताना त्याच्या वेटोळ्याचा दाब पाहणे महत्त्वाचे आहे. २३० व्होल्टचे वेटोळे एक कला व उदासीन तार यांमध्ये, तर ४१५ व्होल्टचे दोन कलांमध्ये जोडावयाचे असते. पहिले वेटोळे दुसऱ्याच्या जागी जोडल्यास थोड्याच वेळात जळते. दुसरे पहिल्याच्या जागी जोडल्यास गाभा पुरता ओढला जात नाही व तडतड आवाज करीत राहतो. वेटोळे आपल्या ठराविक दाबाच्या ८५ टक्के दाबापर्यंत नीट काम करील अशी प्रमाणित अपेक्षा असते. दाब याहून फार उतरणाऱ्या गावांतून योग्य वेटोळेही तडतडते व संपर्क खराब होतात. अशा वेळी साहाय्यक संपर्काला तारेने कायमचे जोडून किंवा हिरव्या कळीत काडी खोचून यंत्र चालू ठेवण्याचे उपाय केलेले दिसतात. त्यामुळे स्टार्टरचा मूळ हेतूच नाहीसा होतो.

एककला चलित्र असलेल्या लहान करवतींसाठी शून्यदाब-मोचक असलेले आटोपशीर स्विच मिळतात. असा स्विच कला व उदासीन अशा दोन्ही तारा तोडणारा असावा. स्विच कोणताही असला, तरी त्याची प्रवाहक्षमता चलित्राच्या भारासाठी दिलेली आहे की तापकाच्या, हे त्याच्या पट्टीवर पाहणे अगत्याचे आहे. चलित्रासाठीच्या संपर्ककावर ‘एसी-३’ अशी वर्गवारी छापलेली असते.

अतिभारापासून संरक्षण : स्टार्टरमध्ये संपर्ककाच्या खाली अतिभार-रक्षक बसविलेला असतो. कारागीर त्याला नुसते ‘ओव्हरलोड’ म्हणतात. त्यात दोन भिन्न धातूंच्या जोडपट्ट्या असून प्रवाह दीर्घकाळ प्रमाणाबाहेर राहिल्यास त्या तापून वाकतात व वेटोळ्याचे मंडल तोडतात. त्याची तबकडी चलित्राच्या पट्टीवर दिलेल्या पूर्ण भाराच्या प्रवाहावर लावावयाची असते. उदा., ३ अश्वशक्तीच्या त्रिकला चलित्राला ४१५ व्होल्ट दाबावर सु. ४·५ ते ५ अँपिअर प्रवाह लागतो. करवत वारंवार थांबते म्हणून तबकडी पुढे सरकविण्यापूर्वी पाते बोथट झाले आहे काय, पट्टा घसरतो काय आणि तिन्ही कलांवर दाब आहे काय, हे पाहिले पाहिजे. यांतील शेवटचे कारण विशेष नुकसानकारक आहे. एका कलेची वितळतार गेली, तर चालू असलेले चलित्र उरलेल्या दोन कलांवर गुरगुरत फिरत राहते व काही मिनिटांत त्याची गुंडाळी जळते. याकरिता एककला-प्रतिबंधक असलेला रक्षक पसंत करावा. अतिभार-रक्षक हाताने पूर्वस्थितीत आणण्याच्या प्रकारचा असावा. थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारा प्रकार साध्या स्विचाबरोबर वापरल्यास यंत्र पुन्हा आपण होऊन सुरू होते.

स्विचाची जागा : बंद करण्याची कळ कारागिराला लाकडावरील एक हात न काढता, निदान नजर पात्यावरून न हलविता, गाठता आली पाहिजे. मेजाच्या पुढच्या कडेखाली, कमरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर मोठ्या लाल छत्रीची कळ बसविल्यास ती मांडीने किंवा गुडघ्यानेही दाबता येते. भिंतीवरील स्विच किंवा पात्याच्या पलीकडून हात घालून दाबावा लागणारा स्विच वापरू नये. चालू करण्याची कळ मात्र कड्याच्या आत खोल बसविलेली असावी, म्हणजे लाकूड किंवा कोपर लागून ती दाबली जात नाही. भुशापासून बचाव म्हणून पेटीचे झाकण रबरी पट्टीचे व तारा आत घेण्याची छिद्रे ग्लँड लावून बंद केलेली असावीत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने चालत्या यंत्रांची शक्ती आणीबाणीत तोडण्याची साधने प्रत्येक कामाच्या खोलीत ठेवण्याचे बंधन घातले; परंतु वीज वापरणाऱ्या ज्या कारखान्यांत दहा किंवा अधिक कामगार असत, त्यांनाच हा अधिनियम सर्वसाधारणपणे लागू होई. दोनतीन माणसांच्या सुतारशाळा या कक्षेबाहेर राहिल्या. त्यामुळे तेथे कोणता स्विच बसावा याचा निर्णय व्यवहारात मालक व तारतंत्री यांच्यावरच सोडला गेला.

तारा : स्विच बदलताना जुन्या तारा तशाच ठेवण्याची प्रवृत्ती असते. निरोधक आवरण कडक होऊन तडकलेले, टोकाशी तांबे काळे पडलेले किंवा मध्येच पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेली असल्यास तारा बदलणेच योग्य होय. तारेच्या जाडीचा विचार केवळ ती तापण्यापुरता करून भागत नाही. २ अश्वशक्तीचे एककला चलित्र पूर्ण भारावर सु. १० अँपिअर प्रवाह घेते; सुरू होताना तो सु. ६० अँपिअरपर्यंत जातो. स्विचफलकापासून यंत्र ३० मी. अंतरावर असेल, तर जाणारी व येणारी मिळून तार ६० मी. होते. २·५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा या लांबीत रोध सु. ०·४४ ओहम असतो व ढोबळ हिशेबाने प्रारंभी सु. २६ व्होल्ट दाब तारेतच खर्च होतो. हीच तार १ चौ. मिमी. छेदाची असल्यास घट ६० व्होल्टच्या पुढे जाते. प्रवर्तन चलित्राचा फिरविण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो जवळजवळ निम्म्यावर येतो. पाते रेंगाळत वेग घेते, चलित्र तापते व प्रारंभक धारित्र लवकर निकामी होते. चलित्र कमजोर झाले म्हणून ज्यांची गुंडाळी नव्याने भरून घेतली जाते, त्यांतील काहींचा खरा दोष तारेत असतो. ३० मी. अंतरासाठी अशा चलित्राला २·५ चौ. मिमी. ही किमान व ४ चौ. मिमी. ही चांगली निवड होय. ज्या करवतीत पात्याबरोबर चलित्रही तिरपे होते, तिच्यात पेटीपासून चलित्रापर्यंतची तार अनेक बारीक धाग्यांची लवचिक असावी व तिला पुरेसा झोल ठेवून ती पट्टा, कप्पी व पाते यांपासून दूर बांधावी.

तारांच्या रंगांबाबत विशेष दक्षता हवी, कारण भिन्न देशांचे संकेत एकमेकांविरुद्ध जातात. भारतात त्रिकला पुरवठ्याच्या कलांसाठी तांबडा, पिवळा व निळा, उदासीन तारेसाठी काळा आणि भूसंपर्कासाठी हिरवा किंवा हिरवा-पिवळा रंग रूढ आहे. यूरोपीय पद्धतीच्या लवचिक तारेत तपकिरी ही कला व निळी ही उदासीन असते. म्हणजे एकाच कर्मशाळेत एक निळी तार निर्धोक व दुसरी सजीव असू शकते. अमेरिकन यंत्रात काळी तार सजीव व पांढरी उदासीन असते. आयात केलेल्या जुन्या यंत्रावर काम करताना रंगावर विसंबणे धोक्याचे असून प्रत्येक तार मापकाने तपासूनच ओळखावी. अमेरिकेतील यंत्र ६० हर्ट्झ वारंवारतेचे असल्यास येथील ५० हर्ट्झवर त्याचे प्रवर्तन चलित्र सु. एक षष्ठांश कमी वेगाने फिरते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

यंत्राचा लोखंडी सांगाडा जमिनीशी जोडणे ही तारयोजनेची सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. २५० व्होल्टपेक्षा जास्त दाबाच्या यंत्रांचा सांगाडा दोन स्वतंत्र जोडण्यांनी भूसंपर्कित करण्याचा नियम आहे. भूसंपर्काची तार रंग खरवडून काढलेल्या स्वच्छ लोखंडावर, स्वतंत्र बोल्टाने व दातेरी वायसरासह आवळावी. झाकणाच्या स्क्रूखाली ती दडपू नये. याशिवाय ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारा मंडल-भेदक बसविल्यास ओल्या जमिनीवर अनवाणी काम करणाऱ्याचा विजेच्या धक्क्यापासून बचाव होतो. हा भेदक भूसंपर्काची जागा घेऊ शकत नाही.

बदलण्याची रीत : हे काम परवानाधारक तारतंत्र्याने करावयाचे असते. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात. जुन्या पद्धतीच्या फलकावर वितळतारांचे धारक काढून काम करणाऱ्याने ते आपल्या खिशात ठेवण्याची चांगली प्रथा आहे. यानंतर चालू असल्याचे माहीत असलेल्या ठिकाणी मापक तपासून मग यंत्राच्या अग्रांवर दाब नसल्याची खात्री करतात. पेचकसाच्या आकाराच्या दिव्याच्या टेस्टरवर एकट्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही. एककला चलित्रातील धारित्र वीज तोडल्यावरही विद्युत् भार धरून राहते. ते योग्य रोधकातून रिकामे करावे. पेचकसाने अग्रे जोडून ठिणगी पाडण्याने धारित्र व हात या दोहोंनाही इजा संभवते. तारा काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खूण करून आराखडा कागदावर उतरवून घेतात. नवीन तारांच्या टोकांना योग्य मापाचे लग दाबून बसवितात, कारण मोकळे धागे स्क्रूखाली पसरून राहिले, तर यंत्राच्या कंपनाने ते सैल होतात व जोड तापतो.

त्रिकला चलित्राच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली, तर त्याच्या फिरण्याची दिशा उलटते. पंपाच्या बाबतीत याचा परिणाम पाणी कमी येण्यावर थांबतो. करवतीत पात्याचे पुढील दाते मेजाकडे खाली येण्याऐवजी वर जाऊ लागतात, लाकूड उचलले जाते आणि पाते धरून ठेवणारी चाकी सैल होऊ शकते. कारण तिचे आटे नेहमीच्या दिशेत घट्ट होतील असे पाडलेले असतात. म्हणून नवी जोडणी झाल्यावर पहिली चाचणी पाते काढून ठेवूनच घेतात. कळ क्षणभर दाबून आस कोणत्या दिशेने फिरतो हे पाहतात व उलट असल्यास दोन कला बदलतात. बाहेरच्या खांबावर किंवा रोहित्रावर दुरुस्ती झाल्यानंतरही हीच तपासणी पुन्हा करणे इष्ट असते, कारण कलांचा क्रम तेथेही बदललेला असू शकतो.

दिशा बरोबर असल्यास पुढची चाचणी वीज जाण्याची. यंत्र चालू करून मुख्य स्विच बंद करतात, आस पूर्ण थांबू देतात व मुख्य स्विच पुन्हा लावतात. यंत्र जागचे हलले नाही, तरच स्टार्टर बरोबर जोडला आहे असे समजावे. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, पण ती बहुधा घेतली जात नाही. शेवटी ५०० व्होल्टच्या निरोधमापकाने, म्हणजे ‘मेगर’ने, गुंडाळी व सांगाडा यांमधील रोध पाहतात, तो किमान एक मेगओहम असावा.

पुरानंतरची दुरुस्ती : पंचगंगेच्या काठच्या भागात स्विच व तारा बदलण्याचे एक मोठे कारण पूर हे आहे. कोल्हापूरजवळील राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानतात. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांत पाणी या पातळ्यांच्या बरेच वर गेले आणि शहराचा सखल भाग व शिरोळ तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. मेज करवतीचे चलित्र व स्विच दोन्ही मेजाच्या खाली असल्याने गुडघाभर पाणीही त्यांना पुरते. पाणी ओसरल्यावर बाहेरून कोरडे दिसणारे यंत्र चालू करून पाहण्याची घाई होते व त्यात गुंडाळी जळते किंवा सांगाड्यात वीज उतरते.

बुडालेल्या साधनांपैकी काय वाचविता येते व काय टाकून द्यावे, हे पुष्कळसे ठरून गेलेले आहे. चलित्र उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुतात, मंद उष्णतेत दीर्घकाळ सुकवितात आणि निरोधमापकाचे माप सलग दोनतीन वेळा स्थिर व पुरेसे आल्यावरच वापरात घेतात. धारवे मात्र बदलतात. धारित्र, संपर्कक, अतिभार-रक्षक, कळी, मंडल-भेदक व वितळतारांचे धारक ही साधने सुकवून परत वापरू नयेत. त्यांच्या फटींत गाळाचा जो सूक्ष्म थर राहतो, तो हवेतील ओलावा शोषून प्रवाहाला वाट देतो आणि संपर्कांवरील गंज काही आठवड्यांनी त्रास देऊ लागतो. लवचिक तारेच्या टोकांतून पाणी धाग्यांच्या बाजूने बरेच आत शिरते, म्हणून बुडालेली टोके असलेली तार संपूर्ण बदलणे बरे. नवा स्टार्टर बसविताना तो मागील पुराच्या खुणेच्या वर भिंतीवर बसवून यंत्रावर केवळ कळींची लहान पेटी ठेवणे ही या भागाला सोयीची रचना आहे. मग पुढच्या वेळी फक्त कळींची पेटी व तिची तार बदलावी लागते.

अन्य साधने : वीज तोडल्यावर पाते काही सेकंद फिरत राहते. ते लवकर थांबविण्यासाठी काही यंत्रांत चलित्राच्या गुंडाळीला थोडा वेळ एकदिश प्रवाह देणारी गतिरोधक योजना असते; जुन्या यंत्राला ती जोडताना पात्याची चाकी अशा झटक्याने सैल होणार नाही, हे पाहावे लागते. अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये शोधलेल्या व २००४ पासून ‘सॉस्टॉप’ या नावाने विक्रीस आलेल्या करवतींत पात्यावर एक क्षीण विद्युत् संकेत ठेवलेला असतो. माणसाच्या त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो व ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसून पाते सु. पाच सहस्रांश सेकंदात थांबते. एकदा हे घडले की ठोकळ्याची पेटी व बहुधा पातेही बदलावे लागते. फार ओले लाकूड किंवा खिळा पात्याला लागला, तरीही ही यंत्रणा कार्यान्वित होऊ शकते. अशा यंत्राचा स्विच त्याच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाचाच भाग असल्याने त्याच्या जागी बाजारातील सर्वसाधारण स्टार्टर बसविता येत नाही.